गावंढळ कोण?
(गिरणी कामगारांच्या सभेतील भाषण)



पगारवाढ, बोनस, बदलीवाल्यांचा प्रश्न यावर पुढचे वक्ते बोलणार आहेत. आम्ही आज फक्त एका शब्दावर बोलणार आहोत. हा शब्द तीन पिढ्या आमच्या मागे लागला आहे आणि त्याचा हिशेब अजून कुणी मागितलेला नाही. शब्द आहे 'गावंढळ'. मुंबईत त्याचाच सख्खा भाऊ, 'घाटी'.

घाटी म्हणजे काय? सह्याद्रीचा घाट उतरून आलेला माणूस. साताऱ्याचा, कोल्हापूरचा, पुण्याचा, नगरचा. शब्दात वाईट काही नव्हते. कोकणातून बोटीने आलेला माणूस वरच्याला घाटी म्हणायचा, वरचा त्याला कोकण्या म्हणायचा, आणि दोघे एकाच चाळीत एका नळावर पाणी भरायचे. पुढे हा शब्द शेठ-सायबांच्या तोंडी गेला. मग कोकणातला काय, देशावरचा काय, सगळे एकाच टोपलीत पडले. ओझे उचलतो तो घाटी, भांडी घासते ती घाटीण. मुलखाचे नाव होते, त्याची शिवी झाली.

आता बाजारात चला. गावठी अंडे पाहिजे, गावरान तूप पाहिजे, गावठी कोंबडी पाहिजे; त्याला चार पैसे जास्ती मोजतात. गावचा माल चोख आणि गावचा माणूस तेवढा हिणकस! हा कुठला तराजू, सांगा बघू?

आमच्यात गावंढळपणा दिसतो तो कशात, हे आम्ही विचारून पाहिले आहे. पहिले उत्तर येते, "तुम्ही लोक फार मोठ्याने बोलता." खरे आहे, बोलतो. पण हा आवाज आला कुठून? साळखात्यात उभे राहून बघा म्हणावे. एका छपराखाली शेकडो साचे, प्रत्येकाचा धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटतोय. शेजारच्या साच्यावरच्या माणसाला हाक मारली तर ती पोचत नाही. ओठ बघून, हाताने खुणा करून बोलायचे. अशी वीस-पंचवीस वर्षे काढली की कान जातात. माणूस घरी येतो तरी त्याच आवाजात बोलतो, कारण त्याला स्वतःचेच बोलणे ऐकू येत नाही. म्हणजे हा आवाज गावचा न्हाई हो, गिरणीचा आहे. आवाजाने बहिरेपण येणे हा धंद्यातला आजार म्हणून आज कायद्यात धरलेला आहे, त्याची भरपाई मागता येते. आणि आम्ही काय करतो? लाजून हळू बोलायला शिकतो. कागद करायचे सोडून लाजत बसतो! ज्यांचे कान गेले असतील त्यांनी सभा संपल्यावर नावे द्यावीत.

दुसरे उत्तर येते ते कपड्याचे. यावर काय बोलावे! मांजरपाट, लंकलाट, धोतरजोड्या, शर्टाचे कापड, सगळे आमच्या आज्या-बापांच्या हातचे. ते अंगात घालून लोक आम्हाला कपड्यावरून नावे ठेवतात. पुढे जाऊ.

तिसरी गोष्ट मालकांची. ती नीट ऐका, कारण तिच्यात पैसा आहे. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. तेव्हापासून मालकांची ओरड एकच, की हा कामगार गावंढळ, शिस्त नाही, शिमगा आला की पळतो, पेरणी आली की पळतो. पण त्यांचा हिशेब कसा होता? पगार द्यायचा तो एका गड्याच्या पोटापुरता. बायको, म्हातारी, पोरे गावाकडे. ती तिथल्या दीड बिघ्यावर जगायची. गडी इकडे गावकीच्या खोलीत. दहा बाय दहाच्या खोलीत वीस-पंचवीस जण, एक पाळी उठली की त्याच वळकटीवर दुसरी पाळी पडायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे. म्हणजे आमचे गाव कंपनीच्या पगारात भर घालत होते. ज्या गावाने त्यांचा नफा वाढवला, त्याच गावाच्या नावाने त्यांनी आम्हाला शिवी दिली.

आणि तेच गाव त्यांना जडही गेले. १९२८ चा संप सहा महिने चालला तो कशाच्या जोरावर? युनियनच्या तिजोरीत काय होते? माणसे गावाला गेली, नाचणीची भाकरी खाऊन राहिली आणि संप टिकला. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हाही किती घरे गावाकडच्या तांदळावर तगली ते आमच्या घरातली म्हातारी माणसे सांगतात. इंग्रज सरकारच्या मजूर कमिशननेसुद्धा १९३१ च्या अहवालात कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडू नका, असेच लिहिले. तो संप आम्ही हरलो, गिरण्या गेल्या, जमिनी गेल्या. ते दुःख वेगळे. पण गाव पाठीशी नसते तर त्यातले किती संप आठ दिवसांवर गेले असते?

आता एक कडू गोष्ट. ती न सांगता गावाचे गोडवे गायले तर ते खोटे होईल. गावाहून आम्ही एकी आणली तशी जातही आणली. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागायचे. दुसऱ्याचे उष्टे नको म्हणून साळखात्यात, जिथे पगार चांगला, तिथे अस्पृश्य म्हटलेल्या भावांना साच्याला हात लावू देत नव्हते. हे मालकापेक्षा कामगारांनीच जास्त केले. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. आमच्या मते गावंढळ म्हणावे असे आमच्यात काही असेल तर ते हे होते. पण यासाठी आम्हाला गावंढळ म्हटलेले कुणी ऐकले आहे का? शिवी मिळते ती "व्हय" आणि "न्हाई" म्हटल्याबद्दल.

मग बोलीचेच बघू. पंडितांच्या शास्त्रात 'ग्राम्यता' हा काव्याचा दोष सांगितला आहे, असे आम्हाला एका मास्तरांनी सांगितले. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या बाजूने लिहिले तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या मराठीची टर उडवली, व्याकरण काढले. शेतकरी का नागवला जातो, याचे उत्तर व्याकरणात नव्हते. त्याच फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. त्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून आम्हाला रविवारची सुटी मिळाली. ती शुद्ध बोलणारे आणि अशुद्ध बोलणारे सगळेच भोगतात.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे बापाबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत राबले. शाळा जवळजवळ नाहीच. त्यांची 'फकिरा' १९५९ साली छापून आली, आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. हाच माणूस एखाद्या कचेरीच्या खिडकीपुढे अर्ज घेऊन उभा राहिला असता तर? आम्हाला ठाऊक आहे काय झाले असते, कारण आम्ही उभे राहिलो आहोत. एका कचेरीत आमच्यातल्या एका बाईने फंडाचे पैसे विचारले. कारकुनाने तिची बोली तिच्याच तोंडावर करून दाखवली, मागचे हसले, ती अर्ज न देता परत आली. हसण्याची किंमत तिने भरली. पैसे तिथेच राहिले.

वाईट याचे वाटते की हसणाऱ्यांत आपलीही माणसे होती. दहा वर्षे शहरात काढलेला काल आलेल्याला हसतो. आपली पोरे मित्रांसमोर आईला हळूच सांगतात, "तू बोलू नकोस." मुंबईसाठी १०५ माणसे गेली असे आपण सभेत सांगतो. त्या हुतात्म्यांच्या स्मारकावर दोन पुतळे आहेत, एक शेतकरी, एक कामगार. आमच्या घरात ते दोघे बाप-लेक आहेत, थोरला-धाकटा भाऊ आहेत. एकाला लाजून दुसऱ्याला मिरवता येणार न्हाई.

म्हणून युनियनपुढे आमची मागणी आहे. सभेत जो तो आपल्या बोलीत बोलेल; साताऱ्याच्या, मालवणच्या, खानदेशच्या. हसेल त्याला अध्यक्षांनी तिथेच थांबवावे. तक्रारीचा अर्ज सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावा, त्याला वाचून दाखवावा, मगच सही किंवा अंगठा घ्यावा. खिडकीवर जाताना दोघे-तिघे बरोबर जावे. परत आलेल्या त्या बाईंचा अर्ज तयार आहे. सोमवारी पहिल्या पाळीनंतर निघायचे आहे, कोण कोण येणार त्यांनी हात वर करा.