डॉक्टर व्हायचे, तर विषय कोणते?

दहावीचा निकाल लागला की आमच्या उल्हासनगरात, कॅम्प ४ मध्ये, आठ-दहा दिवस घरोघरी एकच खल चालतो. मुलगी डॉक्टर व्हायचे म्हणते, मग अकरावीला विषय कोणते घ्यायचे? मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण शेजारीपाजारी अर्ज भरून घ्यायला येतात, म्हणून नियम वाचावे लागतात. जीन्सच्या कारखान्यात शिलाई करणारे एक गृहस्थ असेच मुलीला घेऊन आले. म्हणाले, ''भाईजान, हिला डॉक्टर व्हायचंय. गणित सोडलं तर चालेल ना?''

नियमाने पाहिले तर चालते. एमबीबीएससाठी 'नीट' ही परीक्षा द्यावी लागते. तिला बसायला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, आणि इंग्रजी हे विषय लागतात. विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण हवेत. गणिताची सक्ती नाही. 'नीट'च्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. उरलेले भौतिक आणि रसायन यांना निम्मे-निम्मे.

मग गणित ठेवायचे कशाला? एक तर ते सोडले तरी सुटत नाही. आपल्या राज्य मंडळाने २०१९ साली अकरावीचे भौतिकशास्त्राचे जे पुस्तक आणले, त्यात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलांनी 'नीट' दिली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या खासगी महाविद्यालयांची फी आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. म्हणजे मन लावून अभ्यास केलेल्या मुलांपैकीही बहुतेकांना दुसरी वाट धरावी लागते. गणित असेल तर त्या वेळी अभियांत्रिकीची वाटही मोकळी राहते. कारागिराच्या घरात मुलीची दोन वर्षे म्हणजे सगळी शिल्लक असते. ती एकाच परीक्षेवर लावू नये. हे सारे ऐकून त्या मुलीने चारही विषय घेतले.

प्रत्येकीने तसेच करावे असे नाही. गणिताने झोप उडत असेल, तर खुशाल सोडावे. त्याऐवजी भूगोल किंवा एखादी भाषा घ्यावी आणि वाचलेला वेळ भौतिकशास्त्राला द्यावा. जीवशास्त्र मात्र सोडू नये. ज्यांनी सोडले, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सवलत दिली. बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झाल्यास 'नीट'ला बसता येते. पण त्यात आणखी एखादे वर्ष जाते.

दवाखान्यात डॉक्टर एकटा नसतो, हेही मुलांना सांगायला हवे. बी.एस्सी. नर्सिंगला हेच तीन विज्ञान विषय आणि इंग्रजी लागते. औषधनिर्माणशास्त्राला भौतिक आणि रसायन यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र चालते. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला तर कला शाखेची मुलगीही जाऊ शकते; बारावीला इंग्रजी आणि एकूण ४० टक्के गुण असले म्हणजे झाले. यातला कुठलाही मार्ग कमीपणाचा नाही.

२०२४ साली आपल्या शेजारी अंबरनाथला शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून आमच्याकडे उत्साह वाढला आहे. आनंदाचीच गोष्ट, पण जागा गुणवत्ता यादीने भरतात, घर जवळ म्हणून मिळत नाहीत. जवळ आले ते महाविद्यालय. परीक्षा तितकीच दूर आहे.

शेवटी थोडे भाषेबद्दल. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, उर्दूतही मिळते. पुढची पुस्तके मात्र इंग्रजीत असतात, म्हणून इंग्रजीकडे दुर्लक्ष करू नये. आणि मातृभाषाही टाकू नये. कॅम्प ४ च्या शासकीय प्रसूतिगृहात येणारी बाई आपले दुखणे मराठीत, सिंधीत, नाही तर हिंदीत सांगते. ते समजून घेणे हाही डॉक्टरकीचाच भाग आहे. शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्यांचे पहिले मूल दहा दिवसांत गेले होते. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा, आणि तोही इथल्या बायकांच्या संदर्भातला.

म्हणून पालकांना विनंती, की अर्जावर खूण करण्याआधी मुलीला दोन गोष्टी विचारा. डॉक्टर कशासाठी व्हायचे, आणि जागा मिळाली नाही तर काय करायचे. दोन्ही उत्तरे तिच्या तोंडून ऐका, आणि मग विषय लिहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)