दिवा लागला नाही, म्हणून काटा लावला

आज थोडं तेलकट बोलणार आहोत. जुन्या गाडीत ऑइल प्रेशर गेज कसं बसवायचं, आणि मुळात का बसवायचं. ज्यांच्या घरी आजोबांची किंवा बाबांची जुनी गाडी उभी आहे, त्यांनी हा भाग शेवटपर्यंत ऐकाच.

आमच्याकडे 1994 ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, 1089 सीसीचं इंजिन. मागच्या वर्षी बाबा एकटेच पुण्याहून साताऱ्याला येत होते. खंबाटकी घाट चढताना इंजिनातून टकटक आवाज यायला लागला, आणि पाच मिनिटांत इंजिन जाम. सम्पचा नट ढिला होऊन ऑइल रस्त्यावर सांडलं होतं. मेस्त्रींनी इंजिन खोललं, तर बेअरिंग गेलेली, क्रँकवर ओरखडे. बाबा एकच वाक्य परत परत म्हणत होते, "पण दिवा लागला नाही गं."

दिवा लागणारच नव्हता. बल्ब कधीचा गेलेला होता.

इंजिन दुरुस्त होऊन आलं, पण बाबा स्टिअरिंगवर बसेनात. "मला कळलं नाही, आता मी चालवत नाही," म्हणाले. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस हे बोलतो ना, तेव्हा प्रश्न गाडीचा राहत नाही.

आता हे प्रेशर काय प्रकरण आहे ते बघू. इंजिनात क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना थेट टेकत नाहीत. मध्ये ऑइलचा केसाहून पातळ थर असतो. ऑइल पंप दाबाने ऑइल तिथे पोचवतो. दाब गेला की थर गेला, मग धातूवर धातू. डॅशबोर्डवरचा लाल दिवा साधारण 5 ते 7 पीएसआयच्या खाली दाब गेला की लागतो. म्हणजे चालत्या गाडीत तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. 40 वरून 15 वर आलात, तरी दिवा गप्पच. काटा मात्र सगळं सांगतो.

गेज दोन प्रकारचं मिळतं. मेकॅनिकलमध्ये बारीक नळीतून ऑइल थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. अचूक असतं, पण नळी फुटली तर गरम ऑइल पायावर! म्हणून मी इलेक्ट्रिक घेतलं. यात इंजिनवर सेंडर बसतो आणि आत फक्त वायर येते. सेंडर आणि गेज एकाच सेटमधले घ्या, नाहीतर काटा खोटं बोलेल.

कामाची पद्धत सांगते. इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढली. ब्लॉकवरचा दिव्याचा स्विच काढला आणि तिथे पितळेची टी लावली. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला सेंडर. दिवा काढून टाकू नका, दोन्ही ठेवा. माझी पहिली अडचण इथेच आली. सेंडरचा थ्रेड 1/8 एनपीटी, गाडीचा वेगळा. दोन फेरे फिरला आणि अडला. जोर लावला असता तर ब्लॉकचा थ्रेड गेला असता. शेवटी लेथवाल्या काकांकडून अडॅप्टर करून घेतला.

दुसरी चूक टेफलॉन टेपची. मी भरपूर गुंडाळली. सेंडरला अर्थिंग थ्रेडमधूनच मिळतं, त्यामुळे काटा हलेचना. शिवाय टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर नवीनच दुखणं. टेप काढली, थोडं सीलंट लावलं, काम झालं. सेंडर जड असेल तर टीवर लटकत ठेवू नका, हादऱ्याने टी तुटते. प्रेशर होज लावून तो बॉडीवर पक्का करा आणि वेगळी अर्थ वायर द्या.

वायर फायरवॉलमधून आत घेताना रबरी ग्रोमेट हवंच. गेजला 12 व्होल्ट चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनवरून, मध्ये फ्यूज टाकून. आणि हो, दिव्याचा बल्ब नवीन लावला. चावी फिरवली की तो लागलाच पाहिजे, स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे. ही तपासणी फुकट आहे, रोज करा.

पहिला स्टार्टर बाबांनाच मारायला लावला. काटा 60 वर गेला. मी खाली वाकून गळती बघितली, कोरडं होतं. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला काटा 20 वर आला. बाबा घाबरून बंद करायला निघाले. म्हटलं, "बाबा, थांबा. गरम ऑइल पातळ होतं, म्हणून उतरतो. थोडी रेस द्या." काटा वर गेला. बाबा पहिल्यांदा हसले.

तेव्हापासून ते वहीत रोजचे आकडे लिहितात. दोन महिन्यांनी मला म्हणाले, "गरम आयडलिंग 20 होतं, आता 10 आहे. दिवा नाही लागलेला, पण हे बरोबर नाही." डिपस्टिक काढली तर ऑइल कमी नाही, उलट वाढलेलं! वास घेतला, पेट्रोलचा. फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत होतं. पंप बदलला, ऑइल बदललं, काटा परत 20 वर. बेअरिंग वाचली.

या वेळी बाबांना कळलं होतं. माझ्याही आधी.

मागच्या रविवारी ते पुण्याहून एकटे आले. घाट चढून आल्यावर फोन केला, "45 होता गं, पूर्ण घाटात."

चला मंडळी, उद्या सकाळी चावी फिरवाल तेव्हा आधी तो लाल दिवा लागतोय का बघा. लागत नसेल तर गाडी काढू नका. पुढच्या भागात भेटूच!