गहू बुटका झाला, म्हणून पोतं भरलं
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



रब्बीची पेरणी तोंडावर आली की गटात एक प्रश्न हमखास येतो. गव्हाचं बी दरवर्षी विकतच आणायचं का? याचं उत्तर गव्हाच्या गुणातच आहे.

पूर्वीचा गहू उंच वाढायचा. खत-पाणी जास्त दिलं की ओंबी जड व्हायची आणि पीक लोळायचं. जपानात ‘नोरिन १०’ नावाचा बुटका गहू होता. त्याचा बुटकेपणा पुढे मेक्सिकोत डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या वाणांत संकर करून आणला. हा गुण जनुकातून येतो. जनुक म्हणजे आई-बापाचा गुण लेकरात उतरवणारा घटक. त्यामुळे काडी आखूड राहते, झाडाची ताकद दाण्याकडे जाते आणि जड ओंबीही उभी राहते.

१९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं. डॉ. स्वामीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गव्हावर इथे काम केलं. कल्याणसोना, सोनालिका हे वाण त्यातूनच आले. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता, १९६७-६८ मध्ये तो सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेला.

आता आपल्या कामाची गोष्ट. गव्हाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं. म्हणून लेक आईसारखीच निघते. निफाडच्या संशोधन केंद्राचा त्र्यंबक घ्या किंवा दुसरा सरळ वाण, एकदा चांगलं बी आणलं की साधारण तीन हंगाम घरचं वापरता येतं. संकरित मक्याचं तसं नाही, त्याचं घरचं बी पुढच्या वर्षी सारखं येत नाही.

पण घरचं बी म्हणजे कणगीतलं उरलेलं धान्य नव्हे. ओंब्या आल्या की शेतात फिरा, वेगळी दिसणारी झाडं उपटा. बियाण्याचा तुकडा वेगळा मळा, नीट वाळवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. आठ दिवसांत ८५ तरी उगवले तर बी पेरायला चांगलं.

ताईंनो, बी वाळवतो आपण, निवडतो आपण, साठवतो आपण. मग कोणतं बी पेरायचं हे ठरवताना आपण गप्प का? पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाने आपल्या १०० दाण्यांचा आकडा घेऊन यावा. तो घरातही सांगा. आकडा हातात असला की आपलं म्हणणं ऐकलं जातं.