त्या मशीनवरची बाई

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात शेवटच्या रात्री प्रत्येकीने आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचे होते. त्या वेळी केलेले हे भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

काल ताई वहीत विषय लिहून घेत होत्या. मला विचारलं, "तू कशावर बोलणार?" मी म्हटलं, "हेवी मेटल." आज सकाळी फळ्यावर बघते तर माझ्या नावापुढे 'भंगारवेचक बायका' असं लिहिलेलं! ताईंची चूक नाही. आपल्यात धातूचा विषय निघाला म्हणजे तो भंगाराचाच असणार, असं कुणालाही वाटेल. पण मी बोलणार आहे गाण्यांबद्दल. कर्कश, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांबद्दल. आणि तरी शेवटी मी लोखंडावर आणि बायकांवरच येणार आहे, तेव्हा ताईंनी लिहिलेलं अगदीच वाया जाणार नाही.

हे संगीत आमच्या घरी मोठ्या भावाच्या कॅसेटमधून आलं. तो घरी नसताना मी ऐकायची. आई म्हणायची, "भांडी घासतायत की गाणं लावलंय?" मला मात्र त्या आवाजात बरं वाटायचं. मुलीने हळू बोलावं, हळू हसावं, दार हळू लावावं, असं सगळे सांगत असताना घरात काहीतरी मोठ्याने वाजतंय, याचंच सुख होतं ते. त्या बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ'. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतली ही चार पोरं. टोनी आयोमी गिटारवर, गीझर बटलर बेस गिटारवर, बिल वॉर्ड ड्रमवर आणि गायला ओझी ऑसबर्न. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आला. तो त्यांनी एका दिवसात रेकॉर्ड केला होता. हेवी मेटल या संगीतप्रकाराची सुरुवात पुष्कळ लोक तिथूनच मोजतात.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला मी २०१८ साली गेले ती नेमकी बर्मिंगहॅमलाच. पुढच्याच वर्षी बँडच्या पन्नाशीनिमित्त तिथल्या सरकारी वस्तुसंग्रहालयात मोठं प्रदर्शन भरलं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला बँडचं नाव दिलं आणि तिथे चौघांची चित्रं असलेलं बाकडं बसवलं. एका शनिवारी मी प्रदर्शन पाहून बाहेर पडले आणि ओळखीच्या एकीबरोबर जवळच्या पबमध्ये गेले. तिथे एका लांब टेबलाभोवती दहाबारा चाहते बसले होते. वाद चालला होता: ब्लॅक सॅबथचा सर्वांत चांगला अल्बम कोणता?

हा वाद म्हणजे आपल्याकडे 'खरा मसाला कोणता, कोल्हापुरी की मालवणी' तसा. संपत नाही आणि संपावा असं कुणालाच वाटत नाही. एक जण म्हणाला, 'पॅरानॉइड', १९७०. सगळ्या जगाला माहीत असलेली गाणी त्यात आहेत, युद्धखोर पुढाऱ्यांवरचं गाणं त्यात आहे. दुसरा म्हणाला, ते तर सगळेच सांगतात. त्याचं शीर्षकगीत अल्बममध्ये जागा उरली म्हणून घाईघाईत केलेलं. खरा अल्बम 'सॅबटाज', १९७५. व्यवस्थापकाशी कोर्टकचेरी चालू असताना केलेला, त्यातला राग ऐका. तिसरा 'सॅबथ ब्लडी सॅबथ'चा भक्त. चौथ्याने बॉम्बच टाकला. म्हणाला, ओझीला १९७९ मध्ये काढून टाकलं, तेव्हाच बँड सुधारला. १९८० चा 'हेवन अँड हेल', गायक रॉनी जेम्स डिओ, त्याच्या तोडीचं काही नाही. मग काय विचारता! अर्धं टेबल उभं राहिलं.

मीही बोलायला गेले. लगेच एकाने विचारलं, "तू ऐकतेस? बरं, पहिले सहा अल्बम क्रमाने सांग." टेबलावरच्या कुठल्याही पुरुषाला हा प्रश्न विचारला गेला नव्हता. मी सांगितले. वर्षांसकट. मग मला खुर्ची मिळाली. मैत्रिणींनो, ही खुर्ची तुम्हाला ओळखीची आहे. ग्रामसभेत, युनियनच्या मीटिंगमध्ये आपण बोलायला उठलो की आधी आपली परीक्षा होते. पास झालो तर बसायला मिळतं. आणि खरं सांगू, बसायला मिळालं की आपल्यालाही जरा बरं वाटतं. आपण दारात उभ्या असलेल्या दुसरीकडे बघत नाही. मीसुद्धा त्या दिवशी बघितलं नाही.

खुर्ची मिळाल्यावर मी माझं मत मांडलं: 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी', १९७१. आणि का, ते सांगताना मी ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली. या बँडच्या चाहत्यांमध्ये ती पोथीसारखी सांगितली जाते.

गोष्ट अशी. १९६५ साल. टोनी आयोमी सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा. कारखान्यातला त्याचा शेवटचा दिवस. दुसरीकडे वाजवायचं काम मिळालं होतं. दुपारी तो जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, हातातलं काम पुरं करून ये. तो गेला. त्याला त्या दिवशी प्रेसवर बसवलं, आणि प्रेसने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तोडली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. हा गिटारवादक आगीत भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवायचा. मग टोनीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं. गिटारला हलक्या तारा लावल्या. पुढे 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'च्या वेळी तारा सैल करून सूर दीड स्वराने खाली आणला. सैल तार दुखऱ्या बोटांना दाबायला सोपी जाते. त्यातून तो जड, खोल आवाज आला, आणि नंतरच्या शेकडो बँडनी तो उचलला.

मी हे सगळं मोठ्या रंगात सांगितलं. टेबल खूश झालं. कोपऱ्यात एक साठीच्या पुढची बाई नवऱ्याबरोबर आली होती. दोन तासांत ती एक शब्द बोलली नव्हती, तिला अल्बमही कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "आणि त्या मशीनवरची बाई?"

टेबलावर कुणाला काही कळेना. मला कळलं, कारण आयोमीचं आत्मचरित्र मी वाचलं होतं. त्यात त्याने स्वतः लिहिलं आहे. पत्रा वाकवायचं काम एक बाई करायची, मग तो तुकडा त्याच्याकडे वेल्डिंगला यायचा. त्या दिवशी ती बाई कामावर आली नाही, म्हणून त्याला तिच्या मशीनवर बसवलं. मी हे वाचलं होतं आणि गोष्ट सांगताना दरवेळी गाळत होते. "प्रेसवर बसवलं" एवढंच म्हणायची.

ती बाई म्हणाली, "मी वीस वर्षं प्रेसवर होते. त्याने एक दुपार केलं. ती रोज करत होती. ती त्या दिवशी का आली नाही? मूल आजारी होतं? दुसऱ्या दिवशी तिला त्याच मशीनवर बसवलं का?" मग ती आपला कोट घालून निघाली. वाद थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. मी मात्र गप्प बसले.

त्यानंतर मी या बँडच्या गोष्टीत बायका कुठे आहेत ते शोधायला लागले. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर एक बाई आहे. जुनी पाणचक्की, समोर काळा झगा घातलेली आकृती. जगभरच्या पोरांनी ते चित्र भिंतीवर लावलं. तिचं नाव लुईझा लिव्हिंगस्टन, हे लोकांना कळलं २०२० मध्ये. पन्नास वर्षं ती 'ती चेटकीण' होती. ओझीची आई मोटारीचे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला होती, आणि तोही काही दिवस तिथे हॉर्न तपासायचं काम करायचा. आई घर चालवत होती, हे त्याच्या चरित्रात एका ओळीत येतं.

आणि त्याची बायको, शॅरन. ओझीला बँडने काढल्यावर त्याला उभा केला तो तिने, व्यवस्थापक म्हणून. सप्टेंबर १९८९ मध्ये तिचा जीव घेण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. तिने पुढे केस चालवली नाही, त्याला उपचाराला पाठवलं गेलं. दोघंही नंतर याबद्दल उघड बोलले आहेत. चाहत्यांमध्ये हा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं: "दारूने केलं ते." हे वाक्य आपल्या सल्ला केंद्रात आठवड्यातून किती वेळा ऐकू येतं? बर्मिंगहॅमचं आणि आपल्या वस्तीचं इंग्रजी-मराठी सोडलं तर भाषा एकच. २२ जुलै २०२५ रोजी ओझी गेला. त्याच महिन्याच्या ५ तारखेला अ‍ॅस्टनच्या व्हिला पार्क मैदानावर चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं होतं. मी इथे बसून रडले. तुमच्यापासून हे लपवत नाही. त्याचा आवाज मला आवडतो आणि त्याने बायकोशी जे केलं ते मी माफ करत नाही. दोन्ही मला सांभाळावं लागतं. ज्या चाहत्याला पहिलं सांगायचं आहे त्याने दुसरं गाळू नये, एवढंच माझं म्हणणं.

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला क्रॅडली हीथ नावाचं गाव आहे. तिथे बायका घरामागच्या छपरात हातोड्याने लोखंडी साखळ्या घडवायच्या. १९१० मध्ये त्यांच्यासाठी तासाला अडीच पेन्स किमान वेतन ठरलं. मालकांनी ते टाळायला बायकांचे अंगठे-सह्या घेतल्या. बायका दहा आठवडे लढल्या. मेरी मॅकआर्थर ही त्यांची पुढारी. त्या जिंकल्या, आणि उरलेल्या लढा-निधीतून त्यांनी कामगारांसाठी इमारत बांधली. आणि जवळच्याच स्मेदिकमध्ये १९९२ साली एका धातूकामाच्या कारखान्यातल्या पंजाबी बायकांनी युनियनच्या मान्यतेसाठी, समान पगारासाठी आणि घातक रसायनांविरुद्ध संप केला. सुमारे वर्षभर त्या गेटवर उभ्या राहिल्या. तो संप मागण्या पदरात न पडता संपला. हेवी मेटल म्हणायचं तर हेही आहे. पण याचा अल्बम कुणी काढला नाही.

परत आल्यावर मी भोसरीच्या बाजूला काम करायला लागले. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमधल्या मावशींची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. मशीनला गार्ड होता, पण काम भराभर व्हावं म्हणून काढून ठेवला होता. मालक म्हणाला, "बाईचं लक्ष नव्हतं." त्यांचं ईएसआयचं कार्ड अपघातानंतर काढलं गेलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा मावशींनी मला पहिला प्रश्न विचारला, "बाई, रेशनच्या मशीनवर आता कुठलं बोट ठेवू?" त्यांच्या बोटांतून कुठलंही नवं संगीत जन्माला येणार नव्हतं. म्हणून त्या बोटांची किंमत कमी होत नाही. टोनीची गोष्ट आपल्याला आवडते कारण तो त्यातून वर आला. पण वर न येणाऱ्यांचं काय? अपघाताची गोष्ट जिद्दीची गोष्ट झाली की गार्ड कुणी काढला हे विचारायचं राहून जातं.

तेव्हा माझी एक सूचना आहे. आपल्या भागात प्रेसवर काम करणाऱ्या बायकांची यादी आपल्याकडे नाही. पुढच्या महिन्यापासून ती करू. प्रत्येकीला तीन प्रश्न विचारू. मशीनला गार्ड आहे का? कार्ड आज हातात आहे का? आणि तू आली नाहीस, तर तुझ्या मशीनवर कोण बसतं? तिसरा प्रश्न मला त्या पबमधल्या बाईने शिकवला. बदली बसणारी बहुतेक वेळा नवी पोर असते, तिला कुणी काही शिकवलेलं नसतं.

आणि वादाचं काय? माझं मत आजही तेच आहे. 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'. त्यातला खाली उतरलेला सूर ऐकताना मला पूर्वी एका मुलाची जिद्द ऐकू यायची. आता त्यामागे एक मशीन ऐकू येतं, आणि ते रोज चालवणारी एक बाई. कुणाला दुसरा अल्बम आवडत असेल तर जेवणानंतर भांडायला मी तयार आहे. कॅसेट आणली आहे. कुणाचीही परीक्षा घेणार नाही.