पेपर काढणाऱ्यांसाठी



अध्यक्षपदावर बसलेल्यानं मराठीच्या भवितव्याची काळजी वाहायची असा आपल्याकडे रिवाज आहे. तो आज मी मोडते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. त्यावर पुष्कळ भाषणं झाली, अजूनही होतील. मला बोलायचंय ते आपल्या, मराठी शिकवणाऱ्यांच्या, रोजच्या कामाविषयी. पेपर काढणं, गृहपाठ देणं आणि ते तपासणं.

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं. सुरुवातीला त्याचं मराठी वाचून आपण स्टाफरूममध्ये हसलो. लिंग चुकायचं, विभक्ती चुकायची, वाक्यं सरकारी परिपत्रकासारखी यायची. आता हसू येत नाही. एम. ए.च्या वर्गातल्या सरासरी गृहपाठापेक्षा त्याचा गृहपाठ नीटनेटका असतो, शुद्धलेखनही बरं असतं. तेव्हापासून आपल्यातले बरेचजण एकच प्रश्न विचारताहेत: मुलं यंत्राकडून लिहून आणतात, त्यांना पकडायचं कसं?

आपण मुलांना विचारतो काय, हे आधी पाहू. ‘नायकाचे स्वभावचित्र रेखाटा.’ ‘साहित्याची प्रयोजने सविस्तर लिहा.’ ‘टीप लिहा: मुक्तछंद.’ या प्रश्नांची उत्तरं पूर्वी सीनियरच्या वहीत असायची. मग ती गाईडात आली, मग कॉलेजच्या फाटकासमोर मायक्रो झेरॉक्स होऊन मिळू लागली. मुलानं स्वतःचं काही लिहावं अशी या प्रश्नांची अपेक्षा कधीच नव्हती, आणि लिहिलंच तर गुण कमी पडायचे. यंत्रानं एवढंच केलं की दहा रुपयांचा माल फुकट दिला. त्यामुळे चोरी वाढली असेल, पण दुकान आपलं होतं.

आता पकडण्याच्या साधनांविषयी, थोडक्यात. लेखन यंत्राचं की माणसाचं हे ओळखणारं साधन चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीनं जानेवारी 2023मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतलं. ते इंग्रजीपुरतंच वापरा, असं त्या कंपनीनंच सांगितलं होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी साधनं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राच्या नावावर टाकले. साधी, बेताची वाक्यं लिहिणारा माणूस त्यांना यंत्र वाटतो. आपल्या वर्गात आश्रमशाळेतून आलेली, घरी भिली किंवा कोरकू बोलणारी मुलं आहेत. त्यांचं मराठी जपून, पुस्तकी पद्धतीनं लिहिलेलं असतं. अशा मुलाला एखाद्या टक्केवारीच्या जोरावर लबाड ठरवायचा अधिकार मला तरी नको.

तर मग विचारायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या प्रश्नाचं उत्तर देण्याचं साहित्य यंत्रापेक्षा विद्यार्थ्यापाशी जास्त आहे, तो प्रश्न विचारावा. असं साहित्य आपल्या मुलांकडे भरपूर आहे. आपण ते वर्गाबाहेर ठेवायला लावलं होतं.

बोलीचंच घ्या. यंत्राला वऱ्हाडीत संवाद लिहायला सांगितला की ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बे’ लावतं, मधे एखादं ‘कायले’ पेरतं आणि मोकळं होतं. त्यानं ही बोली विनोदी नाटकांतून आणि समाजमाध्यमांवरच्या चुटक्यांतून उचललेली असते. पण वऱ्हाडात कित्येक ठिकाणी ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो, केळीची ‘केयी’ होते. हे सगळीकडे सारखं होत नाही. वयानुसार, जातीनुसार, शाळा किती झाली त्यानुसार बदलतं. त्या घरातल्या मुलीला हे कानानं ठाऊक असतं. पहिल्या वर्षाला आल्यावर आपण तिला ‘प्रमाण बोल’ म्हणून ते विसरायला लावतो आणि तिसऱ्या वर्षाला ‘बोलींचे महत्त्व विशद करा’ असा प्रश्न घालतो!

मी सुचवते तो गृहपाठ असा. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं दहा मिनिटांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करायचं. विषय कोणताही चालेल: पेरणी, लग्न, दुष्काळ, पहिली एसटी. ते पूर्ण ऐकून हातानं लिहून काढायचं. मग त्यातलं एखाद-दुसरं मिनिट, बोलणाऱ्याची हरकत नसेल तर, यंत्राला लिहून काढायला द्यायचं आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवायचे. यंत्राचा कान प्रमाण मराठीवर घडलेला असल्यानं ते ‘डोया’चा गुपचूप ‘डोळा’ करतं, क्रियापदाचं रूप पुस्तकी करतं, न कळलेला शब्द सरळ गाळतं. विद्यार्थ्यानं या सगळ्या दुरुस्त्यांची यादी करायची. ती यादी नीट लावली की त्या गावच्या बोलीच्या व्याकरणाचा पहिला कच्चा खर्डा हाती येतो, कारण बोली प्रमाणापासून नेमकी जिथे वेगळी होते तिथेच यंत्र अडखळतं. मोरो केशव दामल्यांचं व्याकरण 1911चं. ते उघडून यातली कोणती रूपं त्यांनी नोंदली आणि कोणती नाहीत, हे त्यानंतर पाहता येतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्यानं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, त्याचं साहित्य संकेतस्थळावर खुलं आहे. आपल्या गावाची यादी त्याच्याशी ताडून पाहता येते. हे सगळं यंत्राकडून कसं लिहून आणणार? आणून दाखवावं, मी पूर्ण गुण देईन.

एक अट मात्र कडक हवी. आजीचं बोलणं तिला न विचारता कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवायचं नाही. तिला ‘सर्व्हर’ म्हणजे काय हे समजावून सांगणं हाही गृहपाठाचा भाग समजा. कदाचित तोच सगळ्यांत अवघड जाईल.

प्राचीन वाङ्मयाच्या पेपरला दुसरा मार्ग आहे. यंत्राकडे एखाद्या विषयावरची ज्ञानेश्वरीतली ओवी मागावी. ते अध्याय आणि क्रमांकासकट देतं, आणि बरेचदा ती ओवी ज्ञानेश्वरीत नसतेच. साडेतीन चरण जुळवलेले, शेवटी ‘गा’ किंवा ‘पैं’. वर्गाला अशा पाच ओव्या द्याव्यात, त्यांतल्या दोन खऱ्या. नऊ हजारांवर ओव्यांच्या ग्रंथात खरं-खोटं शोधताना विद्यार्थी प्रथमच संहिता हाताळतो. राजवाडे प्रत, साखरे प्रत असे भेद असतात आणि पाठ बदलतो हे त्याला कळतं. वारकरी घरातली मुलं खोटी ओवी नुसती ऐकून ओळखतात असा माझा अनुभव आहे. कशी ओळखली हे त्यांना सांगता येत नाही. ते सांगायला शिकवणं म्हणजेच छंद आणि भाषेचा इतिहास शिकवणं. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999पासून आपल्याकडे आहे. किती विभागांत तो कपाटाबाहेर येतो, ते विचारत नाही.

अमराठी माणसांना मराठी शिकवण्याच्या बाबतीत मात्र माझा सूर वेगळा आहे. तिथे यंत्र खरंच उपयोगी आहे. ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागातून उभा राहिला, हे इथे मुद्दाम सांगते. परकी भाषा शिकवण्याचं शास्त्र त्यांच्याकडे होतं, आपल्याकडे नव्हतं. बँकेत बदलून आलेल्या तमिळ अधिकाऱ्याला रात्री अकरा वाजता न लाजता, न थकता भाजीवाल्याशी बोलण्याचा सराव हवा असतो. तो यंत्र देतं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत ते अजून घोटाळे करतं, पण ते शिक्षकाला सावरता येतात.

यंत्राचं मराठी कच्चं का, याचं थोडं खापर आपल्या माथ्यावरही फुटतं. थोडं तांत्रिक आहे. संगणकाच्या नेहमीच्या साठवणीत ‘मराठी’ या शब्दाची पाच चिन्हं पंधरा बाइट घेतात, इंग्रजी लिपीत तोच शब्द सात बाइटांत बसतो. मुख्यतः इंग्रजीवर घडलेली मॉडेलं मराठी शब्दाचे जास्त तुकडे करतात, म्हणून तेवढंच काम महाग पडतं. हे आपल्या हातात नाही. पण शोधगंगा या संकेतस्थळावर चढवलेले आपले कित्येक प्रबंध युनिकोडपूर्व फाँटांत आहेत, त्यांत एक शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही. मराठी विश्वकोश खुला आणि शोधता येण्याजोगा झाला, त्यातून यंत्राला थोडंफार धड मराठी मिळालं असावं. विभागांच्या नियतकालिकांचं आणि प्रबंधांचं काम आपलंच आहे, आणि त्यासाठी कुठल्या आयोगाच्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

आता पैशांचं बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. मी सांगितलेले गृहपाठ तपासायला वेळ लागतो. मसुदे दोनदा वाचावे लागतात, प्रत्येक मुलाला समोर बसवून ‘हा निष्कर्ष कसा काढलास?’ असं दहा मिनिटं विचारावं लागतं. ऐंशीच्या वर्गाला त्याचे तेरा-चौदा तास होतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला वर्गात उभं राहिल्याच्या तासाचे पैसे मिळतात, तपासण्याचे मिळत नाहीत. त्याला नव्या अध्यापनपद्धतीवर प्रवचन देणं हा उद्धटपणा होईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या श्रेयांकांत प्रकल्पाला आणि क्षेत्रीय कामाला जागा आहे. ती जागा कार्यभारात मोजली गेली पाहिजे, असा ठराव उद्याच्या खुल्या सत्रात मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे, आणि तो शक्यतो कायम सेवेतला असावा, म्हणजे त्याला सही करायला भीती वाटणार नाही.

निमंत्रणासोबत गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका आणायला कळवलं होतं. दुपारच्या सत्रात त्या पडद्यावर लावू. प्रत्येक प्रश्न यंत्राला देऊ, आलेलं उत्तर तुमच्यापैकी तिघं नाव न कळवता तपासतील, नेहमीच्या पद्धतीनं गुण देतील. ज्या प्रश्नाला यंत्र साठ टक्क्यांच्या वर गेलं तो बाजूला काढू आणि त्याच्या जागी काय घालायचं ते तिथेच ठरवू. सुरुवात मी काढलेल्या पेपरपासून करावी. जेवण दीड वाजता आहे, सत्र बरोबर अडीचला सुरू होईल.