ऐकलेस ते सांग बघू

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे, स्मरण तिसरे. हा क्रम पाहा. आपण म्हणतो, आधी लक्षात राहू दे, मग सांगू. इथे सांगणे आधी आहे. सांगितल्याने लक्षात राहते.

भागवत घ्या. गंगाकाठी शुकाचार्य परीक्षितीला सात दिवस कथा सांगतात. त्या सभेत सूत ऐकत बसलेले. तेच पुढे नैमिषारण्यात शौनकादि ऋषींना सगळे सांगतात. म्हणजे तुमच्या घरातली पोथी हे एका श्रोत्याने परत सांगितलेले भागवत आहे! तिकडे रोममध्येही, पहिल्या शतकात, क्विंटिलियन नावाचे शिक्षक हेच सांगत: मुलाने इसापाची गोष्ट आधी साध्या शब्दांत तोंडी सांगावी, मग लिहावी. वेदाचे निराळे. तिथे स्वर हलता कामा नये, म्हणून पद, क्रम, जटा, घन असे घोकायचे. कथा घोकून भागत नाही. आता तुम्ही हे वाचताय, तर इथेच पुस्तक मिटा आणि सूत कोण ते घरात कुणाला तरी सांगून पाहा. अडाल. मीही अडलो होतो.

सोळा वर्षांचा होतो. गुरुजींच्या मागे झांज धरायचो. एकादशीला माझे पहिले कीर्तन ठरलेले. उल्हासनगरला त्या रात्री हरिश्चंद्राचे आख्यान झाले. परतीच्या लोकलमध्ये गुरुजी म्हणाले, "सांग बघू, तारामती स्मशानात येते तिथून." मी त्यांचेच शब्द, त्यांच्याच हेलात म्हटले. "हे माझे झाले. तुझे सांग." अंबरनाथ गेले, बदलापूर आले, माझ्या तोंडून एक वाक्य निघेना. "मग एकादशीचे राहू दे," म्हणाले. राग आला हो! सगळे पाठ होते ना मला.

घरी आई जागी होती. तिला सांगायला लागलो. रोहिदासाला सर्प डसतो तिथे तिने हात धरला. आमचा धाकटा त्याच वर्षी तापाने गेला होता. म्हणाली, "ओळखल्यावर तरी त्याने कर सोडला का रे?"

उत्तर पाठ होते. तिच्यासमोर ते म्हणवेना. मग थांबत, अडखळत, मला जसे दिसले तसे सांगितले. हरिश्चंद्राचा हात पुढे होता आणि तो थरथरत होता, असे म्हणालो. हे गुरुजींच्या आख्यानात नव्हते.

सकाळी जाऊन गुरुजींना तेवढेच सांगितले. ते काही बोलले नाहीत. खांद्यावरचे उपरणे काढून माझ्या खांद्यावर टाकले.