ओसेज मिशनची कथा



ज्युबिलीच्या दिवशी आम्ही आपणांपुढे दूरदेशीच्या एका लहानशा गावाची कथा मांडीत आहो, याचे कित्येकांस नवल वाटेल. अमेरिकेतील कॅन्सस प्रांताच्या माळरानावर, निओशो नदीजवळ, सेंट पॉल नावाचे गाव आहे. तेथे १८४७ साली येशूसंघाचे डच धर्मगुरू फादर शूनमेकर्स हे ओसेज लोकांमध्ये मिशन चालविण्यास आले. त्यांनी मुलांची शाळा काढली. मुलींची शाळा त्याच वर्षी लोरेटो संघाच्या सिस्टरांनी हाती घेतली. १८५२ साली गोवराची साथ येऊन पुष्कळ लेकरे दगावली. तरी मिशन उठले नाही.

पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांची त्या जमिनीवर नजर गेली. १८७० च्या कायद्यान्वये ओसेज लोकांस आपली भूमी सोडून दक्षिणेस, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. ज्यांच्यासाठी मिशन स्थापिले तेच गेले, आणि गाव मात्र राहिले! १८८३ साली फादर शूनमेकर्स प्रभुवासी झाले. पुढल्याच वर्षी तेथील भव्य दगडी देवळाचा समर्पणविधी झाला. १८९५ साली तर गावाचे 'ओसेज मिशन' हे नावही पुसले गेले. देऊळ खरोखरच सुंदर आहे; परंतु ते कोणाच्या भूमीवर उभे आहे, हे त्या गावाने आपल्या उत्सवात आधी सांगावे, असे आम्हांस वाटते.

फादर पॉन्झिलिओने हे इटालियन धर्मगुरू मात्र नव्या मुलखातही ओसेज लोकांच्या भेटीस जात राहिले. ओक्लाहोमातील पॉहस्का येथील देवळात रंगीत काचांची एक मोठी खिडकी आहे. तीत ओसेज लोक व फादर शूनमेकर्स यांची भेट चितारलेली आहे.